शनिवार-रविवार झोपून काढला, तरी सोमवारी अंगात त्राण नाही

हिंजवडीचा वारकरी | सोम, ००:४०

नमस्कार मंडळी. विषय जुनाच आहे, पण मला आत्ता नव्याने चावलाय.

मी कोथरूडला राहतो, ऑफिस हिंजवडी फेज ३. आठवड्यातून तीन दिवस जायचं, दोन दिवस घरून. जायच्या दिवशी सव्वासहाला उठतो, कंपनीची बस पकडतो, आणि परत घरात पाऊल टाकतो तेव्हा आठ वाजलेले असतात. त्यात साडेनऊला पलीकडच्या गोऱ्यांची सकाळ होते, म्हणून दोनदा तरी रात्रीचा कॉल. झोपायला सव्वाबारा.

म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ही माझी दिवाळी. दोनपर्यंत जागतो, कधी सिरीज, कधी नुसताच मोबाइल. शनिवारी अकराला उठतो. पोहे झालेले असतात. खातो, पेपर, मग जेवण, मग दुपारी पुन्हा आडवा. संध्याकाळी मुलीला घेऊन कुठेतरी मॉलमध्ये, नाहीतर सोसायटीतच. रविवारी हेच पुन्हा, फक्त मॉलच्या जागी इस्त्रीचे कपडे. आणि रविवारी संध्याकाळी सहा वाजले की पोटात गोळा येतो. सोमवारचा पहिला कॉल डोळ्यांसमोर नाचायला लागतो. रात्री झोप येत नाही. सोमवारी सकाळी बसमध्ये बसतो तेव्हा शुक्रवारपेक्षा जास्त थकलेला असतो.

एवढं झोपून, काहीही न करूनसुद्धा मी थकतो कसा? तुम्ही लोक सुट्टीत नेमकं काय करता की सोमवारी माणसात असता?

---

पेठेतला | सोम, ०७:१५

दुपारी १ ते ४ झोपणाऱ्या शहरात राहून विश्रांती कशी घ्यावी असं विचारताय? इथे वामकुक्षीला कुलदैवताचा मान आहे हो. चितळ्यांनी २०१७ साली दुपारचं दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली तेव्हाच आमचे काका म्हणाले होते, "आता हे गाव बिघडलं." तुमचा धागा हा त्याचाच पुरावा.

---

साखरझोप | सोम, ०८:०२

पेठेतला, हसून घेतलं. आता कामाचं.

वारकरी, पहिली गोष्ट म्हणजे धाग्याची वेळ बघा. पाऊणला लिहिताय. तिथेच निम्मं उत्तर आहे.

मी डॉक्टर आहे (झोपेची स्पेशालिस्ट नव्हे, साधी फॅमिली डॉक्टर), पण या तक्रारीचे पेशंट रोज येतात, आणि बहुतेक सगळे तुमच्याच रूटवरचे. हिशोब करा. कामाच्या दिवशी तुम्ही सव्वाबारा ते सव्वासहा झोपता. झोपेचा मध्य सव्वातीन. सुट्टीत दोन ते अकरा. मध्य साडेसहा. फरक सव्वातीन तासांचा. टिल रोनेबर्ग नावाच्या जर्मन संशोधकाने याला 'सोशल जेटलॅग' असं नाव दिलं. विमानात न बसता झालेला जेटलॅग. हिवाळ्यात पुणे आणि कैरो यांच्या घड्याळात साडेतीन तासांचा फरक असतो. म्हणजे तुम्ही दर शुक्रवारी रात्री कैरोला जाता आणि रविवारी रात्री परत येता. पिरॅमिड न बघता.

शिवाय परतीचा प्रवास जास्त जड जातो. आपलं आतलं घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळे उशिरा झोपणं त्याला सोपं, लवकर झोपणं अवघड. रविवारी अकराला उठलेला माणूस रात्री अकराला झोपायला गेला तर तो जागा होऊन फक्त बारा तास झालेत, त्यातले दोन पुन्हा दुपारी झोपलेले. झोपेची भूक जागेपणात साठते. तुमची साठलेलीच नसते. मग पडून राहता, आणि रिकाम्या डोक्यात सोमवार शिरतो. पोटातला गोळा सगळाच मनाचा नाही, थोडा घड्याळाचाही आहे.

काय करायचं: सुट्टीतही नेहमीच्या वेळेपेक्षा फार तर तासभर उशिरा उठा. झोप कमी पडली असेल तर उठायची वेळ न लांबवता झोपायची वेळ अलीकडे आणा. उठल्यावर अर्ध्या तासात बाहेरच्या उजेडात या, गॅलरीत चहा घेतलात तरी चालेल. दुपारची डुलकी वीस-तीस मिनिटं, तीनच्या आत. आणि चारनंतर कॉफी बंद. कॉफीतलं निम्मं कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाचा कप रात्री अकराला अर्धा शिल्लक.

---

पेठेतला | सोम, ०८:२०

वीस मिनिटांच्या झोपेला आमच्याकडे 'डोळा लागला' म्हणतात, वामकुक्षी नव्हे. निषेध.

---

हिंजवडीचा वारकरी | सोम, १३:१०

कैरो वाचून जेवता जेवता ठसका लागला. पण डॉक्टर, आठवडाभर सहा तास झोपतो, ते भरून कधी काढायचं मग? शनिवारी झोपलो नाही तर कर्ज वाढतच जाणार ना?

---

साखरझोप | सोम, २१:४५

प्रश्न रास्त आहे. थोडं भरून निघतं, सगळं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात एक प्रयोग झाला. तरुण निरोगी माणसांना पाच रात्री पाचच तास झोपू दिलं, मग शनिवार-रविवारी हवं तेवढं, मग पुन्हा कमी. सुट्टीतल्या झोपेने फार फरक पडला नाही. पुन्हा कमी झोप सुरू होताच रात्री जेवणानंतरचं अरबट-चरबट खाणं परत वाढलं, इन्सुलिनला शरीराचा प्रतिसादही घटला. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास हवेत. तुम्हाला रोज एक तास कमी पडतोय. तो मंगळवारी-बुधवारीच शोधायला हवा. शनिवार हा सावकार नाही.

मी आता झोपते. पावणेदहा वाजले.

---

गुरुवारची_सुट्टी | मंगळ, २३:५०

सेकंड शिफ्ट करून आलो, म्हणून उशीर.

शनिवार-रविवार म्हणजे काय असतं ते आम्हाला टीव्हीवर दिसतं. मी भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर (संगणकावर चालणारं यंत्र) आहे. आमच्याकडे सुट्टी एक, आणि ती गुरुवारी. कारण माहीत नसलेल्यांसाठी: सगळे कारखाने एकाच दिवशी चालले तर विजेचा भार पेलायचा नाही म्हणून भागाभागाने वार वाटून दिले, भोसरीला गुरुवार आला. आणि पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं की तेही बहुधा गुरुवारीच. म्हणजे माझी विश्रांती बुधवारी रात्री पिंपं भरण्यापासून सुरू होते.

मुलाची शाळा गुरुवारी चालू. बायको एका दवाखान्यात रिसेप्शनला, तीही गुरुवारी कामावर. घरात मी एकटा. आधी मीही दिवसभर झोपायचो. संध्याकाळी उठलं की असं वाटायचं, दिवस कोणी खिशातून काढून नेला. मग वर्षभरापूर्वी एक सवय लावली. गुरुवारी सकाळी सायकल काढतो, आळंदीला जातो. माळकरी वगैरे नाही मी. इंद्रायणीच्या घाटावर तासभर बसतो, चहा घेतो, परत येतो. दुपारी जेवून अर्धा तास डोळा लावतो, मग मुलाला शाळेतून आणायला मीच जातो. आठवड्यात तेवढा एकच दिवस तो मला गेटवर बघतो. त्याच्या त्या पळत येण्याने जो थकवा जातो तो झोपेने जात नाही. अनुभव सांगितला, पटलं तर घ्या.

शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्याला मात्र माझ्याकडे उपाय नाही.

---

साखरझोप | बुध, ०७:४०

बदलत्या शिफ्टला आमच्याकडेही धड उपाय नाही. रात्रपाळीहून घरी जाताना डोळ्यांवर गॉगल आणि खोलीत जाड पडदे, एवढंच सांगू शकते. तुमचं आळंदीचं औषध मी पेशंटना सांगणार आहे.

---

निवृत्त_मास्तर | बुध, १०:३०

चर्चा वाचतो आहे. वारांचा विषय निघालाच आहे म्हणून थोडी भर घालतो. वर्गात बोलायची सवय, लांबलं तर माफ करा.

रविवारची सुट्टी इंग्रजाने आपण होऊन दिली असा समज आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामगार सातही दिवस राबत होते. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्यांचा अर्ज केला. त्यात काय होतं पाहा: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार वेळेवर. दुपारचा अर्धा तास! पेठेतला यांनी नोंद घ्यावी, वामकुक्षीला चळवळीचा आधार आहे.

सहा वर्षं गेली. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांवर कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. मग १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार. जेजुरीची वाट माहीत असलेल्या माणसाला हा दिवस कशाचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा सुट्टीचा दिवस तर कालपरवाचा. मी नोकरीत होतो तेव्हा आमच्या बिल्डिंगमधले केंद्र सरकारी बाबू शनिवारी घरी असायचे, १९८५ पासून त्यांना पाच दिवसांचा आठवडा. आम्ही त्यांच्यावर जळायचो. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार मिळाला तो सप्टेंबर २०१५ पासून. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० ला. बदल्यात रोजची वेळ वाढली हे कुणी सांगत नाही. आणि पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागून सगळेच घरी बसले, तो भाग वेगळा.

---

नऊवारी_नाही | बुध, १४:२२

सगळं छान चाललंय. मला एका ओळीबद्दल बोलायचंय.

"पोहे झालेले असतात."

मास्तर, हा प्रयोग कोणता?

---

निवृत्त_मास्तर | बुध, १४:४०

बाई, फार अवघड जागी बोट ठेवलंत. व्याकरणाने हा कर्तरी प्रयोग. कर्ता कोण, तर पोहे. म्हणजे पोह्यांनी स्वतःहून होण्याचं मनावर घेतलं आणि ते झाले.

---

नऊवारी_नाही | बुध, १५:०५

तेच म्हणायचं होतं. 😄

वारकरी, रागावू नका, तुमच्यावर रोख नाही, आमच्या घरीही हेच व्याकरण आहे. मीही नोकरी करते. माझा शनिवार: सकाळी भाजी मंडई, निवडून-चिरून डबे भरणं, इडलीचं पीठ, मुलाचा क्लास, सासूबाईंचं बीपी तपासायला नेणं, आठवड्याचं मशीन. रविवारी सगळे घरी म्हणून 'काहीतरी वेगळं' जेवण. सगळ्यांचा विसावा माझ्या ओव्हरटाइमवर उभा. सोमवारी ऑफिसात खुर्चीवर बसते तेव्हा खरं सांगते, बरं वाटतं. कोणी पाणी आणून देतं.

सरकारचाच २०२४ चा वेळ-वापर सर्वेक्षणाचा आकडा आहे. घरच्या बिनपगारी कामात बायका दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. २०१९ ला हेच २९९ आणि ९७ होतं. बायकांची दहा मिनिटं कमी झाली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांचीही नऊ कमी झाली.

तेव्हा 'सुट्टीत विश्रांती कशी घ्यावी' यावर बोलताना आधी घरातल्या कोणाला सुट्टी आहे ते मोजा.

---

मुठाकाठची | बुध, १५:१२

+१००. हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावणार.

---

हिंजवडीचा वारकरी | बुध, १९:३०

बसमधून लिहितोय, वाकडच्या पुलाखाली चाळीस मिनिटं झाली, वेळच वेळ आहे.

नऊवारी, लागलं. आधी उलट उत्तर टाइप केलं होतं की मी रविवारी भांडी घासतो. मग आठवलं, गेल्या तीन रविवारी मावशी आल्या होत्या. खोडलं.

---

अर्धाकप | बुध, २२:१८

मला मुळात या 'रिचार्ज'चाच राग येतो. मी काय मोबाइल आहे? शुक्रवारी लाल झालो, रविवारभर भिंतीला लावला, सोमवारी हिरवा होऊन कंपनीच्या सेवेत हजर. म्हणजे सुट्टीसुद्धा कंपनीच्याच हिशोबात धरायची! लोखंड्यांनी रविवार मागितला तो सोमवारी जास्त सूत कातता यावं म्हणून नव्हे. माणसाचा दिवस माणसाला मिळावा म्हणून.

मी रविवारी तबला वाजवतो. वाईट वाजवतो. त्याने माझी सोमवारची कार्यक्षमता वाढते की घटते, मला घेणं नाही.

(आठवड्याला सत्तर तास काम करा म्हणणाऱ्यांना जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अहवाल वाचायला द्यावा. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी जास्त. हे अवांतर, पण लिहिल्याशिवाय राहवेना.)

---

दोन_शब्द | गुरु, ०९:५०

अर्धाकप, गंमत अशी की तुमचा वाईट तबला हाच शास्त्रोक्त विसावा आहे. मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून ठाऊक.

झोनेनटाग आणि फ्रिट्झ या दोघींनी २००७ मध्ये कामातून सावरण्याची एक प्रश्नावली तयार केली. त्यात त्या चार गोष्टी विचारतात. कामापासून मन सुटलं का? शरीर सैल झालं का? कामाबाहेरचं काही शिकायला-जमवायला मिळालं का? आणि हा वेळ कसा घालवायचा हे तुम्ही स्वतः ठरवलं का? वारकऱ्यांच्या शनिवारात दुसरी गोष्ट थोडीफार आहे, बाकी तीन नाहीत. पडून राहणारा माणूस शरीराने पलंगावर आणि मनाने मेलबॉक्समध्ये असू शकतो. तबला वाजवणारा त्या वेळी मेलबॉक्समध्ये असूच शकत नाही, नाहीतर सम चुकेल.

अर्धाकप: ती तशीही चुकते.

दोन_शब्द: 😄 तरी चालेल.

रविवार संध्याकाळच्या गोळ्यासाठी एक सांगते. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात जास्त घोळतं, हे ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच दाखवलं. त्यांच्या प्रयोगात पूर्ण केलेल्यापेक्षा मध्येच थांबवलेली कामं लोकांना जास्त आठवत राहिली. पुढे २०११ च्या एका अभ्यासात असं दिसलं की काम पूर्ण करणंच गरजेचं नाही, ते कधी आणि कसं करणार एवढं पक्कं ठरवलं तरी डोक्यातली घरघर कमी होते. म्हणून शुक्रवारी लॅपटॉप बंद करण्याआधी दहा मिनिटं कागदावर लिहा: सोमवारी पहिलं काम कुठलं, कोणती फाइल उघडायची, कोणाला विचारायचं. कागद बॅगेत. रविवारी गोळा आला की त्याला सांगा, बॅगेत आहे, सोमवारी बघू. आणि फोनवरून ऑफिसचं मेल काढून टाका, निदान त्याचा आवाज बंद करा.

---

टेकडीवाला | गुरु, १८:२५

एवढ्या चर्चेत टेकडीचं नाव कोणी काढलं नाही? पुण्यात आहात ना?

कोथरूडच्या माणसाला वेताळ टेकडी दाराशी. शनिवारी सकाळी साडेसहाला चढा, खाणीच्या तळ्यापर्यंत जा, मोर ओरडताना ऐका, आठला घरी. मोबाइल खिशात राहू द्या. पर्वतीही वाईट नाही, १०३ पायऱ्या, वर गेलं की सगळं शहर खाली, हिंजवडी फार लांब वाटते.

एकच कळकळीची विनंती: विश्रांतीसाठी रविवारी सिंहगडाला जाऊ नका. घाटातली गाड्यांची रांग बघितलीत तर वाकडचा पूल बरा म्हणाल. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचंच असेल तर घरून काम असलेल्या एखाद्या दिवशी रजा टाका आणि आतकरवाडीतून पायी चढा. पावसाळ्यातल्या ताम्हिणी-लोणावळ्याबद्दल तर बोलायलाच नको. शनिवारी निघायचं, पाच तास गाडीत बसायचं, भजी खायची, पाच तास गाडीत बसायचं. याला लोक 'ब्रेक' म्हणतात.

---

तर्रीवाला | शुक्र, ००:१५

माझं कर्वेनगरला मिसळीचं छोटं हॉटेल आहे. तुमची विश्रांती हा आमचा धंदा, त्यामुळे तक्रार नाही. पण चित्र पुरं व्हावं म्हणून लिहितो.

तुम्ही रविवारी नऊला येऊन "किती वेळ लागेल?" विचारता, तेव्हा आमची पोरं पाचपासून उभी असतात. मटकी शुक्रवारी भिजत घातलेली, शनिवारी मोड आलेले, रात्री कट तयार. बारापर्यंत पाठ टेकत नाही. आमचा रविवार मंगळवारी येतो, हॉटेल बंद. पोरांना सांगून ठेवलंय की मंगळवारी मालाचा फोन आला तरी उचलायचा नाही, मी उचलीन. २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने-आस्थापना कायद्याने दुकान ३६५ दिवस उघडं ठेवता येतं, पण कामगाराला आठवड्यात एक दिवस सलग सुट्टी द्यावीच लागते. पाळणारे किती, तुम्हीच मोजा.

मंगळवारी मी काय करतो? दुसऱ्याच्या हॉटेलात जाऊन बसतो. कोणीतरी आपल्यापुढे बशी आणून ठेवतं यापेक्षा मोठा आराम नाही. नऊवारी ताईंचं पाण्याच्या ग्लासाचं वाक्य म्हणूनच पटलं.

---

पेठेतला | शुक्र, ०७:३०

हॉटेलचं नाव सांगा. रांग नसताना येईन.

---

तर्रीवाला | शुक्र, २३:४०

मंगळवारी या. 😄

---

हिंजवडीचा वारकरी | शनि, १६:३५ (तीन आठवड्यांनंतर)

सगळ्यांचे आभार. धागा वर काढतोय कारण हिशोब द्यायचा आहे.

उठायची वेळ: पहिल्या शनिवारी सव्वासातचा गजर लावला, बंद केला, साडेदहाला उठलो. दुसऱ्या शनिवारी मुलीला सांगितलं की मला उठव. तिने सव्वासहालाच उठवलं. सहा वर्षांच्या माणसाला 'तासभर उशिरा' कळत नाही. आता दोन आठवडे साडेसातला जमतंय. रविवारी रात्री साडेअकराच्या आत झोप लागली, दोन्ही वेळा. हे मला जादूसारखं वाटलं.

डुलकी: हरलो. वीस मिनिटांचा गजर लावून झोपलो, पाचला उठलो, डोकं जड. पेठेतला यांचा विजय. सध्या दुपारी सोफ्यावर बसूनच पेपर तोंडावर घेतो, आडवा होत नाही.

शुक्रवारचा कागद: हे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. एका रविवारी तर गोळा आलाच नाही. दुसऱ्या रविवारी आला, कारण शुक्रवारी रात्री साडेदहाला कोणीतरी "क्विक सिंक" नावाचा झटपट कॉल टाकला आणि कागद कालबाह्य झाला. कॉलचं मात्र काही बदललेलं नाही. मॅनेजरशी बोललो, एका रात्रीचा कॉल सकाळी आठला बसमधून घेता येईल का. "बघू" म्हणाला. बघतोय. बस तेवढीच वेळ घेते, पूल तिथेच आहे. सोमवारी अजून थकतोच, पण आता मंगळवारपर्यंत उतरतं. आधी बुधवार उजाडायचा.

आणि पोहे. शनिवारी सकाळी आता मी करतो. बायको त्या वेळात टेकडीवर जाते, एकटी. पहिल्या दिवशी सव्वा तास म्हणून गेली, अडीच तासांनी आली. काही बोलली नाही, पण चेहरा बघून मी विचारलंही नाही. बारा वर्षांत तिला शनिवारी सकाळी असं पाहिलं नव्हतं.

पोह्यांचा मात्र गोळा झाला. पोटातला गेला, कढईत आला. काय चुकलं?

---

नऊवारी_नाही | शनि, १६:५०

भिजत घातले होते का?

---

हिंजवडीचा वारकरी | शनि, १६:५२

हो, दहा मिनिटं पाण्यात.

---

नऊवारी_नाही | शनि, १६:५५

अरे देवा. पोहे भिजत घालायचे नसतात, धुवायचे असतात. चाळणीत घ्या, नळाखाली धरा, पाणी निथळू द्या, दहा मिनिटं तसेच ठेवा. मीठ-साखर तेव्हाच लावा. फोडणीत कांदा मऊ झाला की पोहे घाला, झाकण ठेवून एक वाफ. आणि जाड पोहे घेतलेत ना?

---

हिंजवडीचा वारकरी | शनि, १६:५८

दोन प्रकारचे असतात??

---

निवृत्त_मास्तर | शनि, १७:२०

म्हणजे आता कर्ता सापडला, कर्म बिघडलं.

---

पेठेतला | शनि, १७:२२

पोह्यात बटाटा घालणाऱ्यांनी या धाग्यावर बोलू नये.

---

मुठाकाठची | शनि, १७:२३

घालतेच मुळी मी. या आता.

---

गुरुवारची_सुट्टी | गुरु, ०६:२०

बटाट्याच्या भांडणाचे चौऱ्याहत्तर प्रतिसाद वाचून काढले, फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये, रोज थोडे थोडे. माझं मत कांदेपोह्यांना. आज पाणी चालू आहे, पिंपं भरायची नाहीत. सायकल काढली, मुलगा विचारतोय शाळेला दांडी मारून येऊ का म्हणून.

---

साखरझोप | गुरु, ०७:०५

एखाद्या गुरुवारी न्या हो त्याला. मी सर्टिफिकेट देणार नाही, पण.